जुना गिअरबॉक्स आणि नवे एंजिन : एका सांध्याची चिकित्सा

जुन्या मालवाहू मोटारींचे जतन करणाऱ्यांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. गाडीचे मूळ एंजिन झिजते, त्याचे सुटे भाग दुर्मिळ होतात, किंवा आजच्या रस्त्यांवरील वेगाला ते अपुरे पडते. अशा वेळी नवे एंजिन बसविण्याचा विचार साहजिकच मनात येतो. मूळचा, हाताने गिअर बदलावयाचा गिअरबॉक्स मात्र काढून टाकण्यास मालक सहसा राजी नसतो. त्यात केवळ भावनेचा भाग नाही. गाडीची चाल, तिची ओढ, चढावर घ्यावयाची काळजी, हे सारे चालकाच्या हाताला कळते ते गिअरच्या दांड्यातून. मग दोन भिन्न काळांत, भिन्न गृहीतकांवर घडलेली यंत्रे एकाच अक्षावर आणावी लागतात. या कामात नेमके काय जुळावे लागते आणि फसगत कोठे होते, हे एका विशिष्ट उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

उदाहरण अमेरिकेतील आहे. शेव्हरोलेटच्या १९६० ते १९६६ या काळातील पिकअप ट्रकांपैकी अनेकांना एसएम-४२० या नावाचा चार गिअरांचा, ओतीव लोखंडाचा गिअरबॉक्स असे. त्याचे उत्पादन १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि १९६७ च्या सुमारास थांबले. त्याच्या जोडीला अनेकदा २८३ घन इंचांचे व्ही-८ एंजिन येई. आज त्या जागी बहुधा त्याच कंपनीचे ५.३ लिटरचे व्ही-८ एंजिन बसविले जाते. या एंजिनाचे कुल १९९७ साली कॉर्व्हेट मोटारीतून प्रथम अवतरले आणि १९९९ पासून ट्रकांत रूढ झाले.

(यंत्रभागांच्या नावांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी विश्वकोशाने फ्लायव्हीलला ‘प्रचक्र’, क्रँकशाफ्टला ‘भुजादंड’ आणि बेअरिंगला ‘धारवा’ असे प्रतिशब्द योजिले आहेत. ते अर्थवाही आहेत. विशेषतः ‘धारवा’ हा शब्द घडणीच्या दृष्टीने नमुनेदार म्हणावा लागेल. परंतु कारखान्यात कोणी ते वापरीत नाही. म्हणून येथे रूढ शब्दच ठेविले आहेत.)

एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचे एक कवच असते. आकारावरूनच त्याला बेल-हाउसिंग हे नाव पडले. या घंटेचे रुंद तोंड एंजिनाच्या पाठीला आणि अरुंद तोंड गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला बोल्टांनी जखडलेले असते. पोटात फ्लायव्हील आणि क्लच यांचा संसार असतो. शेव्हरोलेटने आपले २६५ घन इंचांचे छोटे व्ही-८ एंजिन १९५५ साली बाजारात आणले, तेव्हा त्याच्या पाठीवर बोल्टांच्या सहा छिद्रांची एक मांडणी ठरली. पुढे एंजिनाचे जवळजवळ सर्व काही बदलले. १९९७ च्या नव्या एंजिनाचा तर ब्लॉकच मुळापासून वेगळा आहे. तरीही पाठीवरची मांडणी बहुतांशी तीच राहिली. जुन्या सहांपैकी एक छिद्र नव्या ब्लॉकवर नाही. उरलेली पाच जुळतात. एकच गिअरबॉक्स अनेक एंजिनांना आणि एकच एंजिन अनेक गिअरबॉक्सांना जोडता यावे, ही निर्मात्याची सोय अशा सातत्यामागे असते. त्यामुळे १९६४ सालचे बेल-हाउसिंग चाळीस वर्षांनंतरच्या एंजिनावर नुसते टेकवून पाहिले, तर ते आपलेच असल्यासारखे बसते.

येथेच सावध व्हावयास हवे. भाषांच्या अभ्यासकाला हा धोका परिचित आहे. पूर्णतः परका शब्द फसवीत नाही. फसवितो तो ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीतील ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हे न जाणणाऱ्याचा गोंधळ होतो तो दोन्ही शब्द सारखे दिसतात म्हणूनच. बोल्टांचीही तीच कथा आहे. जुन्या ब्लॉकमधील छिद्रांचे आटे ३/८ इंच व्यासाचे, इंचाला सोळा या हिशेबाचे आहेत. नव्यातील आटे १० मिलिमीटर व्यासाचे, १.५ मिलिमीटर अंतराचे आहेत. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, आणि इंचाचा सोळावा भाग म्हणजे सुमारे १.५९ मिलिमीटर. फरक इतका थोडा आहे की जुना बोल्ट नव्या छिद्रात पहिले काही फेरे बिनतक्रार फिरतो. पुढे प्रत्येक आट्यागणिक फरक साचत जातो व बोल्ट अडतो. घट्ट बसला अशा समजुतीने जोर लाविला की आटे बिघडतात. छिद्रे जुनी असली तरी बोल्ट नवे घ्यावयाचे, हा नियम म्हणून अपवादरहित आहे.

पृष्ठभागावरील साम्यापेक्षा खोलीतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. क्रँकशाफ्टच्या मागील टोकाला चकतीसारखा एक भाग असतो आणि त्यावर फ्लायव्हील बसते. नव्या एंजिनात हा भाग जुन्याच्या मानाने सुमारे ०.४ इंच, म्हणजे १० मिलिमीटर, आत ओढलेला आहे. (१९९९ व २००० सालच्या काही ६ लिटरच्या एंजिनांत तो जुन्या जागी आढळतो, म्हणून हाती आलेले एंजिन मोजल्यावाचून पुढे जाऊ नये.) बाहेरून पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही. पण त्याचे दोन परिणाम होतात. फ्लायव्हील व क्लच दोन्ही पुढे सरकतात, त्यामुळे क्लच दाबणाऱ्या काट्याचा आणि बेअरिंगचा हिशेब चुकतो. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या शाफ्टचे निमुळते टोक क्रँकशाफ्टच्या मध्यभागी असलेल्या पायलट-बुशमध्ये टेकलेले असावे लागते. ते आता तेथवर पोहोचतच नाही.

त्यावरील उपाय साधा आहे. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये ०.४ इंच जाडीची चकती घालावयाची, किंवा मधला भाग तितकाच जाड केलेले फ्लायव्हील घ्यावयाचे. बोल्ट त्या मानाने लांब वापरावयाचे. आणि मागे लांबविलेले पायलट-बुश बसवावयाचे. जुने फ्लायव्हील चालत नाही, कारण त्याची छिद्रे नव्या क्रँकशाफ्टशी जुळत नाहीत. ‘सत्’ आणि ‘जन’ यांचा संधी होताना ‘जन’ तसाच राहतो आणि त्याच्या सान्निध्याने ‘त्’चा ‘ज्’ होतो. येथेही बदलते ते नव्या एंजिनाचे शेवटचे टोक. गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

पायलट-बुशचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानी येत नाही, कारण ते अंगठीएवढे असते. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टला दोनच आधार असतात : गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेले बेअरिंग आणि टोकाशी असलेले हे बुश. पहिला आधार गिअरबॉक्सचा आहे, दुसरा एंजिनाचा. दोन यंत्रांचे अक्ष तंतोतंत एका रेषेत असतील तरच शाफ्ट सरळ फिरतो. ते बाजूला सरकलेले असतील, तर प्रत्येक फेऱ्यात शाफ्टवर वाकविणारा ताण येतो. मिनिटाला तीन हजार फेरे, या हिशेबाने तासाभरात एक लक्ष ऐंशी हजार वेळा हे घडते. आरंभी काहीच जाणवत नाही. मग बुश झिजते, गिअर जड पडू लागतो, चालत्या गाडीत तो आपोआप सुटू लागतो, आणि शेवटी पुढचे बेअरिंग जाते. मालक दोष देतो जुन्या गिअरबॉक्सला. ज्या गिअरबॉक्ससाठी एवढा खटाटोप केला तोच असा भंगारात जातो, आणि तेही त्याचा कोणताही अपराध नसताना.

म्हणून अक्षांची मोजणी हा या कामाचा गाभा होय. आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. रीत अशी : क्रँकशाफ्टच्या टोकावर एक डायल-मापक घट्ट बसवावयाचे. त्याची सुई बेल-हाउसिंगच्या मागील मधल्या भोकाच्या आतील कडेला टेकवावयाची. याच भोकात गिअरबॉक्सचे तोंड बसत असल्यामुळे गिअरबॉक्सचा अक्ष तेच ठरविते. मग क्रँकशाफ्ट हाताने सावकाश पूर्ण फिरवून काट्याची कमाल आणि किमान जागा टिपावयाची. या दोहोंतील फरक ०.००५ इंचाहून अधिक नसावा असा संकेत आहे. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. काट्याचा फरक हा अक्षांतील अंतराच्या दुप्पट असतो, कारण एकीकडे जेवढी जवळीक तेवढाच दुसरीकडे दुरावा. म्हणजे अक्षांना प्रत्यक्षात मुभा आहे ती ०.००२५ इंचाची, मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाची. माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते.

फरक अधिक भरला तर बेल-हाउसिंग कानशीने घासून उपयोग नाही. ब्लॉकच्या पाठीवर दोन खुंट्या असतात. बेल-हाउसिंगची जागा ठरते ती या खुंट्यांनी. बोल्ट केवळ दाबून धरतात. या खुंट्या काढून त्यांच्या जागी उत्केंद्री खुंट्या घालतात. त्यांचे पुढचे टोक मागच्याशी समाक्ष नसून ०.००७, ०.०१४ किंवा ०.०२१ इंच बाजूला असते. मापकाने ०.०१४ दाखविले तर निम्मे, म्हणजे ०.००७ ची जोडी घ्यावयाची. दोन्ही खुंट्या एकाच दिशेला वळवावयाच्या. बोल्ट आवळून पुन्हा मोजावयाचे. दोन-तीन फेऱ्यांत काम साधते. यानंतर गिअरबॉक्स चढविताना त्याचे वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नये आणि तो बोल्टांनी खेचून जागी आणू नये. नाहीतर मोजणीचे सारे श्रम वाया जातात.

क्लचची चकती ही दोन्ही बाजूंशी व्यवहार करणारी दुभाषी वस्तू आहे. तिचा मध्य जुन्या शाफ्टप्रमाणे, म्हणजे सव्वा इंचाहून किंचित कमी, १ १/८ इंच व्यासाचा व दहा खाचांचा असावा लागतो. तिचा घेर नव्या फ्लायव्हीलप्रमाणे निवडावा लागतो. क्लच दाबण्याची योजना तरफा आणि दांड्यांची असेल तर त्यांच्या टेकूची जागा नव्या ब्लॉकवर नसते. बहुतेक जण तेलाच्या दाबाने चालणारी योजना पत्करतात. स्टार्टरसाठी फ्लायव्हीलचे १६८ दाते आणि बेल-हाउसिंगमधील मोकळी जागा तपासली की पुरे.

आता शक्तीचा प्रश्न. २८३ घन इंचांच्या एंजिनाची शक्ती १९६० च्या दशकाच्या मध्यास १७५ अश्वशक्ती सांगितली जाई. ५.३ लिटरच्या एंजिनाची, सालाप्रमाणे, २७० ते २९५ सांगितली जाते. ही तुलना वरवर पाहता सरळ वाटते. पण मधल्या काळात शब्दाचाच अर्थ बदलला. १९७२ पर्यंत अमेरिकेत एंजिन मांडणीवर ठेवून, पंखा, एअर-क्लीनर, सायलेन्सर इत्यादी लोढणी काढून मोजलेला आकडा छापीत. त्या सुमारास उद्योगाने गाडीत असते तसे एंजिन मोजण्याची पद्धत स्वीकारली आणि आकडे एकदम खाली आले. जुने १७५ आजच्या मापाने पुष्कळच कमी भरतात. म्हणजे दोन एंजिनांतील खरा फरक छापील आकड्यांहून मोठा आहे, आणि गिअरबॉक्सवर पडणारा अधिकचा भारही.

हा भार कोठे जातो ते पाहावे. एसएम-४२० चा पहिला गिअर ७.०५ ला १ या प्रमाणाचा आहे. नव्या एंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, सुमारे ३२५ पौंड-फूट धरला तर पहिल्या गिअरमध्ये मागच्या शाफ्टवर जवळजवळ २,२९० पौंड-फूट येतात. हा गिअर ओझ्यासाठी आणि चिखलासाठी केलेला आहे. तो सिंक्रोमेशविरहित असल्याने रिकाम्या गाडीत चालक दुसऱ्यावरूनच निघतो. तेव्हा गिअरबॉक्सच्या मजबुतीची चिंता सहसा नसते. मागचा शाफ्ट, त्याचे सांधे आणि आस यांची मात्र असावी. उलट टोकाला चौथा गिअर १ ला १ आहे. त्याहून हलका गिअर नाही. आसाचे प्रमाण ४.११ आणि टायरचा व्यास २८ इंच धरल्यास ताशी ६० मैलांना एंजिन मिनिटाला सुमारे २,९६० फेरे घेते. तेच एंजिन स्वतःच्या मूळ गाडीत, ०.७० च्या वरच्या गिअरवर आणि ३.७३ च्या आसावर, १,८८० च्या आसपास फिरले असते. जुना गिअरबॉक्स राखण्याची किंमत ती ही : आवाज आणि पेट्रोल. आसाचे प्रमाण बदलून ती काही अंशी कमी करता येते, पण मग ओझे ओढण्याची मूळ ताकदही उणावते.

शेवटची अडचण धातूची नाही. नवे एंजिन संगणकाच्या आज्ञेत चालते आणि तो संगणक गाडीच्या वेगाची विचारणा करीत असतो. गाडी घरंगळत थांबत असताना एंजिन किती मंद ठेवावयाचे, हे त्याला त्यावरून ठरवावे लागते. जुना गिअरबॉक्स या बाबतीत मुका आहे. त्याच्याजवळ वेग सांगण्याचे साधन एकच, स्पीडोमीटरची फिरती केबल. म्हणून केबलच्या वाटेवर विद्युत्‌स्पंद निर्माण करणारे एक छोटे यंत्र बसवितात, आणि संगणकाच्या स्मृतीतील स्वयंचलित गिअरबॉक्सविषयीच्या अपेक्षा पुसून टाकतात.

या सर्व उपायांत एक भेद राखता येतो. चकती, बुश, खुंट्या, केबलवरचे यंत्र, हे सारे उद्या काढून टाकता येते. गिअरबॉक्सचे तोंड कातणे, शाफ्टचे टोक तोडून लांबविणे, बेल-हाउसिंगला नवी भोके पाडणे, हे परत घेता येत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, २०१२ साली तूरिनची सनद मान्य केली. ती वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर असून, आवश्यक ते फेरफार परत फिरविता येतील अशा रीतीने करावेत, असा तिचा रोख आहे. एंजिन बदललेली गाडी त्या सनदेच्या कसोटीला पूर्णपणे उतरेल असे नाही. तथापि मूळ फ्लायव्हील, मूळ खुंट्या आणि इंची बोल्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून एका पेटीत ठेवले आणि मोजणीचे आकडे त्याच पेटीत कागदावर लिहून ठेवले, तर पुढच्या मालकाला २८३ चे एंजिन परत बसविण्याचा मार्ग खुला राहतो.