गुठळी रोखणारी औषधे उंदरावर कशी तपासतात?

घरात कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर 'रक्त पातळ करायची गोळी' हे शब्द तुम्ही ऐकलेच असतील. खरं तर त्या गोळीने रक्त पातळ होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे पुस्तकातल्या रक्तपट्टिका, एकमेकींना सहज चिकटेनाशा होतात, एवढंच.

मग असं औषध परीक्षानळीतल्या रक्तात टाकून का तपासत नाहीत? तपासतात, पण तेवढ्यावर भागत नाही. क्लोपिडोग्रेल घ्या. नळीतल्या रक्तात ते टाकलं तर जवळजवळ काहीच घडत नाही. यकृतातली विकरं त्याचं रूप बदलतात, तेव्हा कुठे ते काम करू लागतं. नुसत्या नळीवर विसंबलो असतो तर हे औषध केराच्या टोपलीत गेलं असतं!

म्हणून उंदीर. त्याला भूल देऊन आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात. हा पडदा इतका पारदर्शक असतो की केसाएवढ्या धमनिकेतून धावणारं रक्त थेट दिसतं. प्लेटलेट्स चमकाव्यात म्हणून आधीच एक रंगद्रव्य टोचलेलं असतं. मग फेरिक क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेला गाळणकागदाचा तुकडा काही मिनिटं धमनिकेवर ठेवायचा. आतलं अस्तर दुखावतं, प्लेटलेट्स जमतात, गुठळी वाढत जाते आणि प्रवाह थांबतो. थांबायला किती वेळ लागला, तो मोजायचा. औषध दिलेल्या उंदरांत हा वेळ लांबला, तर औषधात दम आहे.

पण खरी मेख पुढे आहे. गुठळी अडवणारं औषध जखमेतलं रक्तही लवकर थांबू देत नाही. म्हणून भूल दिलेल्या उंदराच्या शेपटीचं टोक कापून ती 37 अंश सेल्सिअसच्या सलाइनमध्ये बुडवतात आणि रक्त किती वेळात थांबतं ते पाहतात. पहिला वेळ लांबायला हवा, दुसरा फार लांबता कामा नये. माझ्या मते दुसरा आकडाच जास्त महत्त्वाचा. (आपल्याकडे असे प्रयोग करायचे तर आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते.)

आणि उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे! थ्रॉम्बिन ओळखायला माणसाच्या प्लेटलेट्सवर पार-1 आणि पार-4 हे ग्राही असतात, उंदराच्या प्लेटलेट्सवर पार-3 आणि पार-4. त्यामुळे पार-1 अडवणारं व्होरापॅक्सार साध्या उंदरात तपासून उपयोग नव्हता, माकडं घ्यावी लागली. अमेरिकेत 2014 साली त्याला परवानगी मिळाली, पण आधी पक्षाघात होऊन गेलेल्या पेशंटला ते द्यायचं नाही, असं बजावूनच. त्यांच्यात मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसलं होतं.