गंज, दोष आणि हमी : मिश्रधातूच्या चाकांसंबंधी एक शब्दविचार

मोटारीच्या अ‍ॅल्युमिनियमी चाकांवर, म्हणजे बाजारात ज्यांना ‘अ‍ॅलॉय व्हील’ म्हणतात त्यांवर, काही पावसाळ्यांनंतर पांढुरके डाग उमटू लागतात. वरचा पारदर्शक लेप फुगतो आणि त्याखाली बारीक दोऱ्यांसारख्या रेषा पसरत जातात. गोंदियाच्या दक्षिणेस वसलेल्या गोरेगावसारख्या धानपट्ट्यातील गावी एखादा वाहनधारक अशा वेळी विक्रेत्याकडे अर्ज करतो, असे समजू. त्याचे पहिले वाक्य बहुधा ‘चाके गंजली आहेत, बदलून द्यावीत’ असेच असेल. हे वाक्य वरवर निर्दोष वाटते. परंतु अर्जदाराच्या मागणीला पहिला अडसर तेच घालते. तो कसा, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

‘गंज’ हा शब्द मराठीत मुख्यतः लोखंडाचा आहे. विळा गंजतो, खिळा गंजतो, कुलूप गंजते. तांब्यापितळेवरील हिरव्या थरास ‘जंगाल’ म्हणत. पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक ‘कळकते’. वैद्यकातील ‘मंडूर’ हे पुन्हा लोखंडाचेच कीट. अ‍ॅल्युमिनियम मात्र आपल्याकडे उशिरा आले. लोकांनी त्याच्या भांड्यांना ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ असे नाव दिले, पण त्याच्या विकारास वेगळे नाव दिले नाही. विदर्भात तर ‘गंज’ म्हणजे स्वयंपाकाचे भांडेही. तेव्हा जर्मनच्या गंजावरील पांढऱ्या डागास ‘गंज’ म्हणणे तेथील कानाला विचित्रच वाटावे. हिंदीच्या शेजारामुळे तिकडे रूढ असलेला, मूळ फारसी ‘जंग’ हा शब्दही लोखंडाचीच आठवण करून देतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘गंज’ या शब्दात ठपका दडलेला आहे. अवजार पावसात टाकले म्हणून गंजते. बुद्धी वापरली नाही म्हणून गंजते. वस्तू गंजली असे म्हटले की ज्याच्या ताब्यात ती होती त्याची हयगय ऐकणाऱ्याने जवळजवळ गृहीतच धरली. वाहनांच्या हमीपत्रांतून हवामान, रसायने, दगडांचे घाव व निगेचा अभाव यांमुळे होणारी हानी सामान्यतः वगळलेली असते. तेव्हा ‘चाके गंजली’ असे लिहिणारा अर्जदार नकळत स्वतःला त्या अपवादात नेऊन बसवितो.

वस्तुतः अ‍ॅल्युमिनियमची प्रक्रिया लोखंडाहून निराळी आहे. लोखंडावरील तांबूस थर सच्छिद्र असतो. तो आतील धातूचे रक्षण करीत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर हवेच्या स्पर्शाबरोबर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे कवच ठरतो. तीव्र आम्लात वा तीव्र अल्कलीत हे कवच विरघळते. म्हणून आम्लयुक्त धुलाईद्रव्ये आणि चुना किंवा सिमेंटचे ओले शिंतोडे दोन्ही घातक. क्लोराइडचे क्षार त्यास ठिकठिकाणी भेदतात व खोल टोचे पाडतात; शेतीत वापरले जाणारे म्युरिएट ऑफ पोटॅश हा असाच एक क्षार आहे. ओलाव्यात पोलादाशी संपर्क आला तर दोहोंपैकी अ‍ॅल्युमिनियम आधी झिजते. लेपाखालून सरकणाऱ्या दोऱ्यासारख्या रेषा हा आणखी एक प्रकार. लेपास पडलेल्या चिरेपासून किंवा त्याच्या कच्च्या कडेपासून तो दमट हवेत सुरू होतो. परिभाषेत या सर्वांस ‘क्षरण’ किंवा ‘संक्षारण’ म्हणतात. हे शब्द बोजड असले तरी त्यांत कोणाचाही दोष गृहीत नाही, हा त्यांचा गुण.

याचा अर्थ असा की क्षरण हा परिणाम आहे, कारण नव्हे. दगड लागून लेप फुटला आणि तेथून क्षरण पसरले, तर कारण बाहेरचे. लेप अभंग असता, घाव नसलेल्या जागी, चारही चाकांवर सारख्याच ठिकाणी तो उचलला गेला, तर लेप देण्यापूर्वीची सफाई किंवा लेपाची जाडी यांविषयी शंका घेण्यास आधार मिळतो. टायर जेथे कडेला टेकते तेथे क्षरण झाल्यास हवा हळूहळू गळते. मग प्रश्न शोभेचा न राहता सुरक्षिततेचा होतो.

दुसरा घोटाळा ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ या जोडीचा. दोन्ही इंग्रजी शब्द एकाच जर्मानिक धातूचे. एक फ्रेंचच्या नॉर्मन बोलीच्या वाटेने ‘व’ घेऊन आला, दुसरा मध्य फ्रान्सच्या वाटेने ‘ग’ घेऊन. आपल्या दुकानांत ‘गॅरंटी म्हणजे बदली, वॉरंटी म्हणजे दुरुस्ती’ असा भेद रूढ झाला. कायद्यात तो नाही. १८७२ च्या करार अधिनियमातील ‘गॅरंटी’ म्हणजे तिघांमधील जामीनकी होय. १९३० च्या मालविक्री अधिनियमात भेद आहे तो ‘शर्त’ आणि ‘हमी’ यांचा : शर्त मोडल्यास माल नाकारता येतो, हमी मोडल्यास केवळ भरपाई मागता येते. म्हणून पत्रिकेच्या शीर्षकावर विसंबून न राहता तिच्यातील कलमे, मुदत आणि अपवाद वाचले पाहिजेत.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाचा कळीचा शब्द ‘गंज’ नव्हे, ‘दोष’ हा आहे. कायद्याने, करारान्वये किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार मालात जो दर्जा असावयास हवा, त्यात राहिलेली उणीव म्हणजे दोष. तक्रारदारास आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातील रहिवाशास त्यासाठी विक्रेत्याच्या शहरी जाणे भाग नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. चाचणीवाचून दोष ठरविता येत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, वस्तू बदलून देणे किंवा किंमत परत करणे असे आदेश देता येतात. दोष सिद्ध करण्याचे ओझे मात्र मुख्यतः तक्रारदारावरच असते. म्हणून तपासणीपूर्वी चाके घासून वा रंगवून घेणे म्हणजे आपलाच पुरावा पुसणे होय.

तेव्हा अर्जाचे पहिले वाक्य बदलावयास हवे. ‘चाके गंजली’ असे न लिहिता ‘अमुक दिनांकास, इतके किलोमीटर झाले असता, चारही चाकांच्या आऱ्यांच्या मुळाशी लेप उचललेला आढळला; त्या जागी घाव किंवा ओरखडा नाही; छायाचित्रे सोबत आहेत’ असे लिहावे, मात्र प्रत्यक्षात तसे असेल तरच. या वाक्यात निष्कर्ष नाही, निरीक्षण आहे. आणि निरीक्षणास उत्तर द्यावयाचे तर समोरच्यास चाक पाहावेच लागते. लोकभाषेने ‘गंज’ हा शब्द घडविला तो लोखंडाच्या अनुभवातून, आणि तेथे तो अचूकच आहे. नव्या धातूपुढे तो तोकडा पडतो, यात भाषेचे न्यून नाही. पण त्या तोकडेपणाची किंमत ग्राहकाने मोजावी, हेही न्याय्य नव्हे.