पुण्याला दगड देणारी चूल

ज्वालामुखी बघायचा म्हटला की माणसाच्या डोळ्यांपुढे जपानचा नाहीतर इटलीचा निमुळता डोंगर उभा राहतो, शेंड्याला धूर, पायथ्याला पळणारी माणसं, आणि मग वाटतं की ही सगळी दूरदेशची नवलाई, आपल्या सदाशिव पेठेत वाडे आहेत, हौद आहेत, गल्लीगल्लीत देवळं आहेत, इथे ज्वालामुखीचं काय काम! तर पोरांनो, जरा सरकून बसा, कारण ज्या जुन्या वाड्याच्या जोत्यावर आपण टेकलो आहोत, त्या जोत्याचा काळा दगड एके काळी लालभडक रस होता आणि पाणी उतारावरून जातं तसा या मुलखावरून वाहत गेला होता.

आमच्या लहानपणी जात्याला नि पाट्याला टाकी लावणारे लोक दारावर यायचे. त्यांतले एक म्हातारेबुवा होते, ते दगड हातात आला की आधी त्यावर हातोडीची हलकी टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे. खणखणीत बोलला तर म्हणायचे, हा पोटातला दगड, आणि भद्द वाजला तर म्हणायचे, हा वरच्या अंगाचा, याला भोकं असणार. शाळेची पायरी त्यांनी चढली होती की नाही कोण जाणे, पण भूशास्त्राची पुस्तकं सांगतात तेही हेच आहे. रस थिजू लागला की आतला वायू बुडबुडे होऊन वर पळतो आणि वरच्या सायीत अडकतो, म्हणून थराचा माथा सच्छिद्र राहतो आणि पोट भरीव होतं. त्या भोकांतून पुढे लाखो वर्षं पाणी झिरपलं, त्यातले क्षार साचले आणि स्फटिक झाले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निळ्याभोर कॅव्हन्साइटचे झुबके निघतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसतात, पाषाणच्या टेकडीतून निघालेला हिरवा अपोफिलाइटही तसाच नावाजलेला. ज्या बुडबुड्यामुळे दगड जात्याला नापास व्हायचा, त्याच्याच पोटात हे धन!

आता हा रस आला कुठून? शेंड्यावर तोंड असलेला डोंगर शोधायला निघालात तर अख्खा सह्याद्री पालथा घालूनही मिळायचा नाही, कारण इथे जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून रस उतू गेला. असला प्रकार माणसानं आपल्या डोळ्यांनी पाहिलाय तो आइसलँडला, 1783 साली. लाकी नावाच्या जागी सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेगांची रांग उघडली, आठ महिने रस वाहत राहिला, विषारी वायूनं कुरणं करपली, गुरं मेली आणि त्या देशातलं दर पाचांतलं एक माणूस दुष्काळानं गेलं. त्या रसाचं माप निघालं साधारण 15 घन किलोमीटर. आपल्या दख्खनचं माप काही लाख घन किलोमीटरांत जातं! ही गोष्ट 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची, डायनोसॉर संपले त्या सुमाराची. आज झिजून झिजून उरला आहे तो थरही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि कोयनेला भूकंपाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी खोल छिद्रं पाडली तेव्हा हा काळा दगड संपून खालचा ग्रॅनाइट लागायला जवळजवळ किलोमीटरभर खाली जावं लागलं.

हे सगळं एका दमात झालं असं मात्र समजू नका. सिंहगडाकडे तोंड करून नीट बघा, डोंगराला पायऱ्या दिसतील: एक उभा कडा, मग थोडी सपाटी, मग पुन्हा कडा. कडा म्हणजे थराचं भरीव पोट, आणि सपाटी म्हणजे झिजून गेलेला मऊ माथा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मधे कधी तांबडी पट्टी दिसते. एक थर येऊन निवल्यावर पुढचा येईपर्यंत ऊनपावसानं वरचा भाग कुजायला सवड मिळाली, त्याची ती खूण. आणि सवड किती? मुंबईत वरळीला अशाच दोन थरांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले आहेत. म्हणजे खाली एक आग निवलेली, वर दुसरी यायची राहिलेली, आणि मधल्या काळात तिथे तळं साचलं, शेवाळ धरलं आणि बेडकांनी संसार थाटला. मला तर या बेडकांचं फार कौतुक वाटतं.

पण खरी मौज पुढे आहे. एवढा रस ज्या चुलीवर उकळला ती चूल गेली कुठे? बहुतेक भूशास्त्रज्ञ सांगतात की ती कुठेही गेलेली नाही, निघून आलो ते आपण! भारताची भूमी त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, चहूबाजूंनी समुद्र होता, आणि ती उत्तरेकडे सरकत होती, वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्याही वर, म्हणजे जमिनीच्या मानानं धावतच. चूल जागच्या जागी पेटती आणि वरचा तवा पुढे पुढे ओढला जातोय, अशानं तव्याच्या बुडाला जळकी रेघ उठणारच. ती रेघ आजही नकाशात बोटानं दाखवता येते. आपल्या दख्खनपासून निघा, खाली लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस बेटं, पुढे मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन. आपल्यापासून साडेचार-पाच हजार किलोमीटरवरचं हे फ्रान्सच्या ताब्यातलं बेट, आणि चूल अजून तिथे पेटलेली आहे.

तिथल्या ज्वालामुखीचं नाव पितों द ला फूर्नेझ, उंची 2,632 मीटर, आणि जगातल्या सगळ्यांत जागत्या ज्वालामुखींत त्याची गणती होते. त्याला बघायला जायची वाटच मोठी विलक्षण. गुरं चरताहेत अशा हिरव्या कुरणांतून रस्ता चढत जातो, मग झाडं खुरटी होतात, आणि एका वळणावर समोर एकदम उजाड मैदान उघडतं: गवताचं नाव नाही, नजर जाईल तिथे तांबडी-काळी राख आणि खडे, त्यातून धुरळा उडवीत जाणारा कच्चा रस्ता. बघणाऱ्याला वाटावं, इथे शंभर वर्षं थेंब पडला नसेल. आणि गंमत ऐका, याच मैदानाच्या कडेला कोमर्सों नावाचं जुनं विवर आहे, तिथे 2007 सालच्या फेब्रुवारीत चक्रीवादळात तीन दिवसांत 3,930 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुण्यात पाच वर्षांत पडतो त्याहून जास्त, आणि तोही जागतिक विक्रम! तरी तिथे वाळवंटच, कारण खडे पाणी धरून ठेवत नाहीत, पडलं तेवढं खाली जातं.

मैदान ओलांडलं की पा द बेलकोंब, 2,311 मीटरवरचा कडा. पायाखाली जमीन तुटलेली, खाली थिजलेल्या काळ्या रसाचा प्रचंड चौक, आणि समोर तो डोंगर. ढग चढायच्या आत, सकाळी लवकर पोचावं लागतं. त्या चौकात थिजलेला रस आणि आपल्या वाड्याचं जोतं, दोन्ही बेसाल्टच. फरक इतकाच की तिथला दगड काही वेळा बघणाऱ्या माणसापेक्षाही वयानं लहान असतो. 1977 साली रस चौकाबाहेर फुटला आणि पितों सेंत रोझ गावात शिरला, घरं गेली, पण तिथल्या चर्चच्या दारात येऊन तो थिजला आणि दोन्ही अंगांनी वळून पुढे गेला. थिजलेला रस अजून तिथे आहे, आणि लोक तिथे प्रार्थना करतात. 2007 सालच्या उद्रेकात तर शिखरावरच्या मोठ्या विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खाली बसला.

याच रेघेवर, रियुनियनपासून साधारण 200 किलोमीटरवर, मॉरिशस आहे, 80-90 लाख वर्षांपूर्वी याच चुलीवर शिजलेलं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून नि कोकणातल्या इतर गावांतून आपली माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथल्या उसाच्या मळ्यांत गेली, काळं पाणी ओलांडून, मूळ मुलूख कायमचा सुटला म्हणून रडत गेली असतील. तिथे मजुरांनी उसासाठी रान मोकळं करताना दगड वेचून वेचून शेतात मोठाले ढीग रचले, ते ढीग अजून उभे आहेत. त्यांच्या नातवंडा-पतवंडांकडे आजही गणपती बसतो, आणि त्या देशात गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. परमुलखात आलो असं म्हणत ज्यांनी तो काळा दगड उचलला, त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं की बाबांनो, हा तुमच्या गावच्या कातळाचा सख्खा भाऊ आहे, एकाच चुलीवरचा, फक्त वयानं पुष्कळ धाकटा.