वापरण्यापूर्वी हलवा

"आता दहा सेकंद बोलू नकोस, मामा," असं म्हणून भाचीने हातातली नळी हलवायला सुरुवात केली. नळी पेन्सिलपेक्षाही बारीक, पाच मिलिमीटर जाडीची, वर फिरकीचं झाकण. आत अर्धा-पाऊण मिलिलिटर पाण्यासारखा द्रव आणि त्याच्यावर दाबाने भरलेला हायड्रोजन. लहानपणी खोकल्याच्या औषधाची बाटली हलवायचो तसंच, पण चांगलंच जोरात. ओठ हलत होते. ती मराठीतच आकडे मोजत होती. दहा झाल्याबरोबर स्टुलावर चढली आणि चुंबकाच्या वरच्या तोंडातून नळी हवेच्या झोतावर सोडली. झोत बंद झाला तशी नळी अलगद आत उतरली. खुर्चीवर बसलेल्या तिच्या जोडीदाराने कळ दाबली आणि पडद्यावर डोक्यावर उभे राहिल्यासारखे तीन-चार उंच सिग्नल उमटले. उलटे, पण असे ठसठशीत की त्यांच्यापुढे खालची गोंगाटाची रेघ सपाट दिसत होती.

सगळ्याला मिळून वीसेक सेकंदही लागले नसतील. मी घड्याळ पाहिलं नाही, कारण ते चुंबकाच्या भीतीने दाराबाहेरच्या तबकात ठेवलं होतं. पाकीट, किल्ल्या आणि पोलादी काड्यांचा वाचायचा चष्माही तिथेच.

माझी तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली आणि त्यातली बरीचशी एनएमआरच्या, म्हणजे चुंबकात ठेवून रेणूतल्या केंद्रकांचे सिग्नल ऐकणाऱ्या यंत्रासमोर वाट पाहण्यात. कार्बनचा स्पेक्ट्रम हवा असला की संध्याकाळी नमुना लावायचा, रात्रभर यंत्र चालू ठेवायचं आणि सकाळी येऊन पाहायचं. मध्ये वीज गेली तर पुन्हा दुसरी रात्र. अगदीच अडलं तर नमुना कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पाठवायचा. मुंबईत हे शास्त्र रुजवणाऱ्यांत एस. एस. धर्मट्टींचं नाव पहिलं येतं. 1951 मध्ये स्टॅनफर्डला अल्कोहोलच्या एकाच रेणूतले तीन प्रकारचे हायड्रोजन तीन वेगळे सिग्नल देतात हे दाखवणाऱ्या तिघांपैकी ते एक. रसायनशास्त्रज्ञाला एनएमआरची गरज कशासाठी, हे त्या तीन सिग्नलांनी सांगून टाकलं. पण सिग्नल दुबळा, हे दुखणं तेव्हापासून आहेच.

दुबळा म्हणजे किती? हायड्रोजनचं केंद्रक हे एक चिमुकलं चुंबक. मोठ्या चुंबकात ठेवलं की काही केंद्रकं क्षेत्राच्या बाजूने उभी राहतात, काही विरुद्ध. यंत्राला दोन्ही गट ऐकू येत नाहीत, फक्त त्यांच्यातला फरक ऐकू येतो. 400 मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे 9.4 टेस्लाच्या चुंबकात, खोलीच्या तापमानाला दहा लाख केंद्रकं घेतली तर साधारण 5,00,016 एका बाजूला आणि 4,99,984 दुसऱ्या. दहा लाख मतांच्या मतदारसंघात 32 मतांनी निवडून आलेला उमेदवार म्हणा. आम्ही जन्मभर त्या 32 मतांवर सरकार चालवलं. कार्बनचं तर आणखी वाईट, कारण शंभरात जेमतेम एकच कार्बन एनएमआरला दिसणाऱ्या जातीचा असतो. मोजण्या वाढवत जावं तर सिग्नल गोंगाटातून वर येतो तो वर्गमुळाच्या चालीने. दहापट स्वच्छ हवा असेल तर शंभरपट वेळ द्यायचा. आमच्या रात्री गेल्या त्या या वर्गमुळापायी.

भाची सध्या उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात हा फरकच मोठा करायच्या कामात आहे. चुंबक मोठं न करता. तिचं भांडवल कोपऱ्यात ठेवलेल्या, अखंड धुकधुक करणाऱ्या एका यंत्रातून येतं. हायड्रोजनच्या रेणूत दोन केंद्रकं. त्यांच्या फिरक्या एका ठरावीक रीतीने एकमेकींना पुरत्या रद्द करतात तेव्हा तो पॅराहायड्रोजन, नाहीतर ऑर्थो. साध्या बाटलीतल्या वायूत शंभरात पंचवीस पॅरा. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला हा वायू उत्प्रेरकावरून नेला की निम्मा पॅरा होतो, आणि उणे 245 अंशांच्या आसपास नेला तर जवळजवळ सगळाच. गंमत पुढे आहे. उत्प्रेरकापासून वेगळा केला की तो पुन्हा खोलीइतका गरम झाला तरी पॅराच राहतो, स्वच्छ भांड्यात कित्येक दिवस. परत फिरायची वाटच त्याला सहजी सापडत नाही.

आणि हा पॅराहायड्रोजन एनएमआरला अजिबात दिसत नाही. दोन्ही चुंबकं एकमेकांना मिटवून टाकतात, त्यामुळे वायू ठार मुका. शिस्त शंभर टक्के, आवाज शून्य. हा मुकेपणा मोडायचा तर दोन हायड्रोजनांची जोडी कुठेतरी अशी बसवायची की दोघांचा शेजार सारखा राहणार नाही.

हे आधी दिसलं ते कोणाच्या ध्यानीमनी नसताना. 1980च्या दशकात अमेरिकेत रॉचेस्टरला रिचर्ड आयझेनबर्ग यांच्या गटाला हायड्रोजनच्या अभिक्रियांत काही विचित्र, अर्धे वर-अर्धे खाली असे सिग्नल दिसले. कारण त्यांनी भलतंच लावलं होतं. खरी गोम अशी की त्या नळ्या मोजण्याआधी द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असत आणि तिथे आतला हायड्रोजन आपोआप पॅराकडे झुकत असे. त्याच सुमाराला, 1986 मध्ये, कॅलिफोर्नियात बॉवर्स आणि वाइटेकाम्प यांनी असं घडायला हवं हे कागदावर मांडलं आणि पुढच्या वर्षी करून दाखवलं. त्यांची संस्था पॅसाडेना गावात, म्हणून पद्धतीचं लघुरूपही खटपट करून पॅसाडेना असंच जुळवलं. नळी थंडीत ठेवणारा आम्हा कारखानेवाल्यांपैकीच कोणी असता, तर त्याने तो स्पेक्ट्रम यंत्र बिघडलं म्हणून टोपलीत टाकला असता. मी तरी टाकला असता.

त्या पद्धतीत अडचण होती: हायड्रोजन रेणूला कायमचा जोडावा लागे, म्हणजे मोजायचा रेणूच बदलायचा. 2009 मध्ये यॉर्क विद्यापीठात सायमन डकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अट काढून टाकली. भाची जे करते ते हेच, प्रयोगशाळेच्या भाषेत 'सेबर'. इरिडियम धातूचा एक संयुग-रेणू मध्यस्थ. त्याच्यावर एका बाजूला पॅराहायड्रोजन येऊन बसतो, दुसऱ्या बाजूला आपला रेणू, आजच्या नळीत पिरिडीन. क्षणभराच्या शेजारात हायड्रोजनची शिस्त बंधांतून पिरिडीनमध्ये उतरते आणि दोघेही सुटून जातात. पिरिडीन जसंच्या तसं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हे मी भाचीला म्हणालो तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "आमच्या गाईडला समजावून सांग बघू इंग्रजीत." जमलं नाही.

नळी तयार करायलाच सकाळ गेली होती. पिवळसर इरिडियम आणि पिरिडीन जड हायड्रोजनवाल्या मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायची, पंपाने वरची हवा ओढायची, वितळू द्यायची, बुडबुडे निघतात ते पाहायचे, पुन्हा गोठवायची. असं तीनदा. ऑक्सिजनचा अंश राहिला तर गुण लागायच्या आधीच उतरतो. मग हायड्रोजन भरून थोडं थांबायचं, तेवढ्यात पिवळा रंग फिका होत जातो आणि शेवटी जवळजवळ नाहीसा होतो. तो गेला की मध्यस्थ कामाला तयार. तपासायला इतकी यंत्रं असताना भाची नळी खिडकीसमोर धरून डोळ्यांनीच पाहत होती.

हलवायचं मात्र कुठेही नाही. हायड्रोजनपासून पिरिडीनपर्यंत गुण उतरायला चुंबकीय क्षेत्र नेमकं लागतं, साधारण 65 गॉस. मोठ्या चुंबकाच्या पोटात आहे त्याच्या दीडेक हजारपट कमी, पण पृथ्वीच्या क्षेत्राच्या शंभरपट जास्त. चुंबकाच्या बाहेर जिथे त्याचं क्षेत्र विरत विरत तेवढं उरतं, त्या उंचीवर फळीला चिकटपट्टी लावून खूण केलेली आहे. तिथे हात धरायचा. हात वीतभर वर गेला की सिग्नल पडतो.

आणि मग मनगट. हायड्रोजन मिथेनॉलमध्ये फारसा विरघळत नाही. वरचा ताजा पॅराहायड्रोजन खाली द्रवात उतरवत राहणं, एवढंच त्या हलवण्याचं काम. पण ते कोण कसं करतं यावर आकडा बदलतो. पुंजयांत्रिकीच्या एवढ्या काटेकोर प्रयोगात शेवटचा घटक माणसाचा सांधा निघावा, याचं मला भारी वाटलं. हे टाळायला वायू आपोआप फुसफुसवणारी आणि द्रव नळ्यांतून खेळवणारी यंत्रं आहेत, हातात धरायची चुंबकांची पोकळ नळकांडीही आहेत. तरी नवा रेणू हाती आला की पहिल्यांदा सगळे हातानेच हलवतात. वहीत प्रत्येक आकड्यापुढे हलवणाऱ्याचं आद्याक्षर लिहायची पद्धत आहे.

भाचीचा त्या दिवशीचा आकडा 640 पट. मी कारखान्यातला माणूस, म्हटलं 'पट' म्हणजे कशाच्या? तिला प्रश्न आवडला असावा. याच 400 मेगाहर्ट्‌झच्या चुंबकात 640 पट म्हणजे सुमारे दोन टक्के केंद्रकं शिस्तीत. टेबलावरच्या छोट्या 60 मेगाहर्ट्‌झच्या यंत्रात तेच दोन टक्के चार हजार पटींहून जास्त भरतात, कारण तिथे मूळ भांडवलच कमी. जाहिरात करायची तर छोटं यंत्र बरं. म्हणून नीट काम करणारे लोक टक्के सांगतात, आणि कोणी नुसतेच पट सांगितले की मी तरी सावध होईन.

याहून मोठे आकडे दुसऱ्या वाटेने मिळतात. नमुना निरपेक्ष शून्याच्या दीडेक अंशावर नेऊन इलेक्ट्रॉनांची शिस्त सूक्ष्मलहरींनी केंद्रकांत उतरवायची आणि तो झटकन विरघळवायचा. 2003 मध्ये यातून दहा हजार पटींच्या वरची वाढ मिळाली. त्या रीतीने तयार केलेलं पायरुव्हेट प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन त्याचा प्रवासही पाहून झाला आहे. पण ते यंत्र महाग, आणि एक मात्रा तयार व्हायला बराच वेळ. सेबर स्वस्त आणि झटपट, फक्त आत इरिडियम आणि मिथेनॉल. ते दोन्ही काढल्याशिवाय हे माणसाच्या शिरेजवळ नेता येत नाही, आणि काढता काढता वेळ जातो. वेळच तर नसतो.

हे मला दुपारी समजलं. भाचीने त्याच नळीत ताजा पॅराहायड्रोजन भरला, कारण पिरिडीन तर तसंच शिल्लक होतं, आणि म्हणाली, "घे, तू हलव."

हलवली. सातव्या सेकंदाला खांद्यात कळ आली, तरी दहापर्यंत नेली. स्टुलावर तीच चढली, मला चढू दिलं नाही. कळ दाबली गेली. लांबून काहीतरी उलटं, बऱ्यापैकी उंच दिसलं. चष्मा आणायला दाराबाहेरच्या तबकापर्यंत जाऊन आलो तोवर तिच्या जोडीदाराने त्याच नळीची पुन्हा मोजणी केली होती. तिथे आता जवळजवळ सपाट रेघ होती, नेहमीचे 32 तेवढे राहिलेले. पहिला स्पेक्ट्रम त्याने जपून ठेवला होता. 210 पट. भाचीने वहीत आकडा लिहिला, आद्याक्षराच्या रकान्यात क्षणभर थांबली आणि मराठीत 'मा' लिहून नळी परत हायड्रोजनच्या नळाला लावली.