श्राव्य कथाग्रंथ

श्राव्य कथाग्रंथ : कादंबरी, दीर्घकथा अथवा कथासंग्रह यांची मूळ संहिता एका किंवा अनेक वाचकांकडून मोठ्याने वाचून घेऊन ध्वनिमुद्रित केलेली व यंत्राच्या साहाय्याने ऐकण्यासाठी उपलब्ध केलेली कृती. अंधांच्या ग्रंथालयांत रूढ झालेले ‘बोलके पुस्तक’ व प्रकाशनव्यवसायातील ‘ऑडिओबुक’ ही याच प्रकाराची नावे होत. नभोनाट्य, कथाकथन आणि रंगमंचावरील अभिवाचन यांहून हा प्रकार भिन्न आहे. नभोनाट्यात संहितेचे रूपांतर झालेले असते आणि कथाकथनात ती श्रोत्यांनुसार बदलत जाते. श्राव्य ग्रंथात मात्र लेखकाने लिहिलेला शब्द न शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा अंध वाचकांसाठी तयार झालेल्या ग्रंथांमुळे दृढ झाली आणि या प्रकाराच्या इतिहासातील बहुतेक वाद तिच्याभोवतीच घडले.

कादंबरी एकट्याने व मनातल्या मनात वाचावयाची असते, हा समज तुलनेने अलीकडचा आहे. एकोणिसाव्या शतकातील यूरोपात घरातील एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, ही सर्वसाधारण रीत होती. क्यूबातील चिरूट-कारखान्यांतून १८६५ पासून कामगारांना वृत्तपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखविणारा वाचक नेमण्याची प्रथा पडली. इंग्लंडमध्ये ⇨ चार्ल्स डिकिन्झ (१८१२–७०) याच्या कादंबऱ्या मासिक वा साप्ताहिक हप्त्यांनी प्रसिद्ध होत. त्याच्या पात्रांना बोलण्याच्या ठळक लकबी आहेत. महिन्याभराच्या खंडानंतरही पात्र तोंड उघडताच ओळखू यावे, ही सोय त्यांत आपोआप साधली जाई. डिकिन्झने १८५३ मध्ये बर्मिंगहॅम येथे अ ख्रिसमस कॅरल या आपल्या कथेचे धर्मादाय हेतूने जाहीर वाचन केले आणि १८५८ पासून मार्च १८७० पर्यंत अशी वाचने व्यवसाय म्हणून केली. मात्र त्यासाठी तो आपल्याच ग्रंथांत मोठी काटछाट करी व मजकूर बदलीतही असे. श्राव्य ग्रंथांचा पूर्वज म्हणून त्याचे नाव घेण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो संक्षिप्त श्राव्य आवृत्तीचा पूर्वज ठरतो.

इतिहास : ⇨ टॉमस आल्वा एडिसन (१८४७–१९३१) याने १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. पुढील वर्षी नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू या नियतकालिकात त्याचे संभाव्य उपयोग सांगताना त्याने अंधांना ऐकता येतील अशा पुस्तकांचा उल्लेख केला आणि १० इंच चौरस धातुपत्र्यावर ४०,००० शब्दांचे पुस्तक मावू शकेल, असा अंदाज वर्तविला. प्रत्यक्षात सुरुवातीच्या दंडगोलांवर काही मिनिटांचाच मजकूर मावे. पुढे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या आल्या, त्यांची एक बाजूही सु. ४ मिनिटांत संपे. जेन ऑस्टेनच्या प्राइड अँड प्रेजुडिस (१८१३) या कादंबरीत सु. १,२२,००० शब्द आहेत. मिनिटाला सु. १५५ शब्द या वाचनाच्या नेहमीच्या गतीने ती ऐकण्यास सु. १३ तास लागतात. म्हणजे अशा तबकड्यांवर तिला सु. शंभर तबकड्या लागल्या असत्या. कादंबरी यंत्रातून ऐकण्याची कल्पना पन्नासहून अधिक वर्षे अडून राहिली, ती या साध्या हिशेबामुळे.

ही अडचण दूर करण्याचे श्रेय अंधांसाठी कार्य करणाऱ्या संस्थांना आहे. ब्रेल लिपी लहानपणी शिकलेल्यांना उपकारक ठरली, तरी प्रौढपणी दृष्टी गेलेल्या अनेकांच्या बोटांना ती साधत नसे. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांमुळे हा प्रश्न तीव्र झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३१ च्या प्रॅट-स्मूट अधिनियमान्वये प्रौढ अंधांना ग्रंथ पुरविण्यासाठी ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयास प्रतिवर्षी १,००,००० डॉलर मंजूर करण्यात आले. ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी १२ इंची तबकडी विकसित केली. तिच्या एका बाजूस सु. १५ मिनिटांचे वाचन मावे. १९३४ मध्ये अशी पहिली बोलकी पुस्तके वाचकांना मिळू लागली. बायबलमधील भाग व शेक्सपिअर यांच्या जोडीला त्यांत पी. जी. वुडहाउसच्या जीव्ह्ज या पात्राच्या विनोदी कथाही होत्या. अंधांना उपदेशपर ग्रंथच द्यावेत, ही परोपकारी वृत्ती येथे मागे सरली.

ब्रिटनमध्ये ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंड’ व युद्धांधांची ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था यांनी १९३५ मध्ये अशीच योजना सुरू केली. सेंट डन्स्टन्सचा अध्यक्ष इअन फ्रेझर याची दृष्टी १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत गेली होती. ब्रिटिश तबकडी मिनिटाला २४ फेरे घेई व तिच्या एका बाजूस सु. २५ मिनिटांचा मजकूर मावे. पहिल्या पुस्तकांत ॲगाथा क्रिस्तीची द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) ही रहस्यकादंबरी आणि ⇨ जोसेफ कॉनरॅड (१८५७–१९२४) याची टायफून (१९०२) ही दीर्घकथा होती. टायफूनचा चार तबकड्यांचा संच कॅनडात सापडल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. बोलक्या पुस्तकांचा इतिहासकार मॅथ्यू रुबेरी याने त्याची ओळख पटविली. उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना संपूर्ण श्राव्य कथाग्रंथ मानला जातो.

बोलक्या पुस्तकांना विरोधही झाला. ऐकण्याच्या सोयीमुळे अंध व्यक्ती ब्रेल शिकण्याचा आळस करतील, असे काहींना वाटे. प्रकाशकांना विक्री घटण्याची भीती होती; म्हणून या तबकड्या केवळ अंधांनाच द्याव्यात व नभोवाणीवर वाजवू नयेत, अशा अटींवर परवानगी मिळाली. परिणामी पहिली काही दशके श्राव्य कादंबरी डोळस वाचकांस जवळजवळ अज्ञातच राहिली.

तिचा व्यापारी प्रसार तंत्रानुसार झाला. १९५२ मध्ये बार्बरा कोहेन व मॅरिअन रोनी या दोन तरुणींनी न्यूयॉर्क येथे स्थापन केलेल्या ‘कॅडमन’ या कंपनीने डिलन टॉमसच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकेने आरंभ केला. परंतु दीर्घवादन तबकडीला कविता व लहान कथाच मानवत. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ मध्ये आली. डुव्हाल हेक्ट याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेली ‘बुक्स ऑन टेप’ ही कंपनी असंक्षिप्त पुस्तकांच्या ध्वनिफिती टपालाने भाड्याने देई. कामावर जाता-येता मोटारीत तासन्‌तास बसणारे नोकरदार हे तिचे मुख्य ग्राहक होते. सोनीचा ‘वॉकमन’ १९७९ मध्ये निघाल्यावर ऐकणे चालताफिरताही शक्य झाले.

१९८०–९० या दशकात पुस्तकांच्या दुकानांतून दोन कॅसेटींची, सु. तीन तासांची संक्षिप्त आवृत्ती प्रचारात आली. तीन तासांत सु. २८,००० शब्द मावतात; म्हणजे प्राइड अँड प्रेजुडिसचा चौथा हिस्साही नाही. अशा संक्षेपात कथानक वाचते व कादंबरी जाते. वर्णने, लेखकाचे तिरकस शेरे, गौण पात्रांची बडबड हे सर्व प्रथम कापले जाते, आणि अभिजात कादंबरीची चव बहुधा त्यांतच असते. गळलेला भाग ऐकणाऱ्यास कळतही नाही. छापील पुस्तकाची गाळलेली पाने निदान दिसतात. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑडिबल’ सारख्या कंपन्यांनी अंकीय पद्धतीने पुस्तके देण्यास आरंभ केल्यावर कॅसेटीची मर्यादा उरली नाही. टॉलस्टॉयची वॉर अँड पीस आता संपूर्ण, सु. ६० तासांत ऐकता येते. २००५ मध्ये ह्यू मॅगायर याने सुरू केलेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ या उपक्रमात स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ स्वयंसेवक वाचतात व ते सर्वांना विनामूल्य मिळतात. त्यातील पहिला पूर्ण झालेला ग्रंथही कॉनरॅडचाच, द सीक्रेट एजंट (१९०७), होता.

वाचनपद्धती : वाचकाने अभिनय किती करावा, हा या कलेतील जुना प्रश्न आहे. बोलक्या पुस्तकांच्या आरंभीच्या श्रोत्यांपैकी अनेकांना नाटकी वाचन रुचत नसे. पुस्तक आपणच वाचत आहोत असे वाटावे, मध्ये कोणी उभे नसावे, ही त्यांची मागणी होती. म्हणून स्वच्छ उच्चार, संयत स्वरभेद आणि मलपृष्ठावरील मजकूरही न गाळण्याची शिस्त अंधांच्या ग्रंथालयांनी पाळली. अलेक्झांडर स्कोर्बी (१९१३–८५) हा अमेरिकन नट या परंपरेतील श्रेष्ठ वाचक होय. त्याने चारशेहून अधिक पुस्तके वाचली.

तथापि पूर्णतः तटस्थ वाचन संभवत नाही. ऑस्टेन किंवा फ्लोबेअर यांच्या गद्यात निवेदकाचे वाक्य नकळत पात्राच्या मनातले वाक्य होते. कागदावर ते कोणाचे हे संदिग्ध राहते आणि त्या संदिग्धतेतूनच उपरोध उत्पन्न होतो. वाचकाने त्या ठिकाणी पात्राचा स्वर लावला की निर्णय लागला. न लावला तरी लागलाच. या अर्थाने श्राव्य आवृत्ती ही मूळ संहिता असूनही तिच्यावरील एक भाष्य असते, आणि एकाच कादंबरीची दोन वाचकांनी केलेली वाचने ताडून पाहणे टीकाग्रंथ वाचण्याइतके उद्बोधक ठरते.

काही कृती कानाला विशेष मानवतात. कॉनरॅडच्या हार्ट ऑफ डार्कनेस (१८९९) मध्ये टेम्स नदीवरील नौकेत मार्लो आपल्या सोबत्यांना रात्री गोष्ट सांगतो. तेथे श्रोता जणू त्या सोबत्यांतच बसतो. मार्क ट्वेनच्या हकल्‌बेरी फिन मधील बोलीचे चमत्कारिक वर्णलेखन डोळ्यांना अडते, कानांना अडत नाही. याउलट लॉरेन्स स्टर्नच्या ट्रिस्ट्रॅम शँडी (१७५९–६७) मध्ये एक पान संपूर्ण काळे आहे व एक कोरे. त्यांचे वाचन कोणत्याही वाचकास साधणार नाही.

ऐकणे हे खरे वाचन आहे काय, ही शंका वारंवार घेतली जाते. २०१६ मधील एका अमेरिकन प्रयोगात तोच मजकूर ऐकणाऱ्या व वाचणाऱ्या प्रौढांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१९ मध्ये बर्कली येथील संशोधकांना ऐकताना व वाचताना अर्थग्रहणाच्या वेळी मेंदूतील जवळजवळ तीच क्षेत्रे सारख्याच रीतीने कार्यरत होत असल्याचे दिसून आले. फरक आहे तो गतीचा. डोळा मागे वळतो, अवघड वाक्यावर थांबतो, कंटाळवाणे पान उलटतो. कान वाचकाच्या चालीने चालतो. त्यामुळे एरवी ओलांडली जाणारी दीर्घ वर्णने ऐकली जातात, पण एकदा लक्ष उडाले की धागा सुटतो. यंत्राची गती दीडपट करून ऐकण्याची सवय अलीकडे पुष्कळांना लागली आहे. माहितीपर पुस्तकास ती क्षम्य असली, तरी विनोदी लेखनातील विराम तिने नाहीसा होतो.

मराठीतील स्थिती : श्रवणाला मराठी संस्कृतीत कमी प्रतीचे कधीच मानले गेले नाही. श्रीधराचे हरिविजय व पांडवप्रताप हे ग्रंथ चातुर्मासात घरोघर व मंदिरांतून वाचले जात. पोथी एक वाची व सारे ऐकत. ह. ना. आपटे (१८६४–१९१९) यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्याच करमणूक या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू आपली हकीकत स्वतःच्या घरगुती बोलीत सांगते. ही कादंबरी छापील असली, तरी तिचा घाट बोलण्याचा आहे. साने गुरुजींच्या श्यामची आई (१९३५) मध्ये प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले असून श्याम ४२ रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. शिवाजी सावंतांच्या मृत्युंजय (१९६७) मध्ये कर्ण, कुंती, वृषाली इ. पात्रे आळीपाळीने निवेदन करतात. अशा कृतीसाठी अनेक वाचक योजणे संहितेलाच धरून होईल.

मुंबईच्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ (स्था. १९५२) या संस्थेने मराठीसह अनेक भाषांतील बोलकी पुस्तके तयार केली. स्वीडनच्या ‘स्टोरीटेल’ कंपनीने २०१७ मध्ये भारतात प्रवेश केला, तेव्हापासून डोळस श्रोत्यांसाठीही मराठी कादंबऱ्यांची निर्मिती मोठ्या प्रमाणात होऊ लागली. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे आपटे व साने गुरुजी (मृ. १९५०) यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतींचे ध्वनिमुद्रण कोणासही करता येते, मात्र त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असतो. इतर ग्रंथांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुगम प्रती करण्यास मुभा दिली. या विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराचे अनुसमर्थन करणारा पहिला देश भारत होय (२०१४).

मराठीत खरी अडचण वाचकाची आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडी (१९५५) मधील धनगरांचे संवाद माणदेशी बोलीत आहेत. ते शहरी वळणाने वाचले, तर पात्रे परकी होतात आणि नक्कल करून वाचले, तर हास्यास्पद. ती बोली अंगवळणी असलेला व दीर्घ वाचनाचा दम असलेला आवाज शोधावा लागतो. यंत्रनिर्मित आवाजांनी वाचलेली पुस्तके ॲपल कंपनीने २०२३ मध्ये इंग्रजीत विक्रीस आणली. मराठीसाठी अशा यंत्राला लिपीत न दिसणारे भेदही शिकावे लागतात : ‘चहा’ व ‘चटणी’ या शब्दांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जातो, पण उच्चारला जातो निरनिराळा.