अवतरणचिन्हांचा पहारा

‘जमाखर्च मार्च’ अशा दोन शब्दी नावाची फाइल पुसण्याचा हुकूम युनिक्सला टंकून द्यावा, तर ‘जमाखर्च’ नावाची फाइल नाही आणि ‘मार्च’ नावाचीही नाही, असे उत्तर येते. कारण साहेबापुढे अर्ज जाण्यापूर्वी शिरस्तेदाराने तो वाचून त्याची कलमे पाडावीत, त्याप्रमाणे शेल हा मध्यस्थ आपला मजकूर मोकळ्या जागी तोडतो, तारकाचिन्हाच्या जागी जुळणाऱ्या फायलींची नावे भरतो आणि डॉलरचिन्हाने आरंभ होणाऱ्या नावाऐवजी, म्हणजे चलाऐवजी, त्याचे मूल्य मांडतो. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलातील हे नियम आजही बहुतांशी चालू आहेत.

शेलाच्या या फेरफारापासून मजकूर वाचवण्याचे काम अवतरणचिन्हे करतात. एकेरी अवतरणांतील प्रत्येक अक्षर अबाधित राहते. दुहेरी अवतरणांत मोकळी जागा व तारका निष्प्रभ होतात, परंतु डॉलरचिन्हाचे सामर्थ्य कायम राहते, आणि हीच तजवीज मला सर्वांत मोलाची वाटते. उलटी तिरकी रेघ पुढील एकाच अक्षराला अभय देते.

खरा धोका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या हुकुमांच्या फायलीत, असतो; तेथे चलात कोणते नाव येईल हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते, आणि त्यात एखादी तारका आली तर भलत्याच फायली नष्ट होतात. म्हणून चल नेहमी दुहेरी अवतरणांतच लिहावे, आणि तारका असलेला पुसण्याचा हुकूम देण्यापूर्वी ‘आरएम’ या पुसण्याच्या शब्दाऐवजी नुसती नावे दाखवणारा ‘इको’ लिहून यादी अवश्य पाहावी.