जिब्लीचा ‘तो’ सिनेमा, ज्यातल्या काकूवरून जपानमध्ये आजही भांडणं होतात

२०२५ चा मार्च महिना आठवतोय? इन्स्टाग्राम उघडलं की लग्नाचे फोटो, कॉलेजचे ग्रुप फोटो, शेजारच्यांचं मांजर, पुढाऱ्यांचे दौरे, सगळंच ‘जिब्ली’ झालं होतं. चॅटजीपीटीला फोटो द्यायचा, जिब्ली स्टाईलमध्ये कर म्हणायचं, की गुबगुबीत गाल, मोठे डोळे आणि मागे हिरवंगार गवत तयार. कुणी घिबली म्हणत होतं, कुणी गिबली. जपानी माणूस ‘जिबुरी’ म्हणतो, त्यामुळे जिब्ली त्यातल्या त्यात जवळचं.

त्या लाटेत जिब्ली म्हणजे ‘क्यूट’ हे समीकरण पक्कं झालं. अ‍ॅनिमे म्हणजे लहान मुलांचं कार्टून, हा समज तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. गंमत अशी की हे दोन्ही समज मोडून टाकणारा सिनेमा याच स्टुडिओनं १९८८ साली काढून ठेवलाय. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’. जपानी नाव ‘होतारू नो हाका’, म्हणजे काजव्यांची कबर.

हा सिनेमा रडवतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. ‘टिश्यू घेऊन बसा’वाल्या प्रत्येक यादीत तो असतो. पण रडून मोकळं होण्यासारखा हा सिनेमा नाहीच, असं माझं ठाम मत आहे. जपानमध्ये तो टीव्हीवर लागला की लोक रडण्याइतकंच एका प्रश्नावर भांडतात. चूक कुणाची? काकूची की त्या पोराची?

आधी गोष्ट काय आहे ते बघू. स्पॉयलरची भीती नको, कारण सिनेमा सुरुवातीलाच शेवट सांगून टाकतो.

सप्टेंबर १९४५. युद्ध संपलंय. कोबे शहरातल्या सान्नोमिया स्टेशनवर खांबाला टेकून एक मुलगा भुकेनं मरतो. त्याच्याजवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा सापडतो. झाडलोट करणारा माणूस तो डबा बाहेर फेकून देतो आणि त्यातून हाडांचे बारीक तुकडे सांडतात. तिथून गोष्ट मागे जाते.

मुलगा सेइता, वय १४. बहीण सेत्सुको, वय ४. वडील नौदलात अधिकारी. जूनमधल्या हवाई हल्ल्यात अमेरिकेची बी-२९ विमानं कोबेवर आगीचे बॉम्ब टाकतात, त्यात घर जातं आणि आई होरपळून मरते. सेइता बहिणीला घेऊन लांबच्या नात्यातल्या एका बाईच्या घरी राहायला जातो. मुलं तिला ‘ओबासान’ म्हणतात, आपण काकू म्हणू.

सुरुवातीला काकू बरी वागते. मग घरातलं धान्य कमी होत जातं. आईच्या किमोनोंच्या बदल्यात तांदूळ मिळतो आणि त्यातला मोठा वाटा काकूकडे जातो. कामाला जाणाऱ्या तिच्या मुलीच्या आणि भाडेकरूच्या डब्यात भात, या दोघांच्या वाटीत पातळ पेज. वर टोमणेही आहेत. तू काही काम करत नाहीस, देशासाठी राबणाऱ्यांनी आधी खायला नको का? ज्या कारखान्यात सेइताला कामाला जुंपलं होतं तो जळालाय, शाळाही जळालीय. तो दिवसभर बहिणीला खेळवतो. शेवटी अपमान सहन न होऊन तो सेत्सुकोला घेऊन तळ्याकाठच्या एका रिकाम्या बंकरमध्ये राहायला जातो. पुढे जे होतं ते उपासमारीचं सरळ, संथ चित्रण आहे.

हा सिनेमा पडद्यावर कसा आला, तो किस्सा भारी आहे.

त्या वेळी जिब्लीचे हायाओ मियाझाकी एक सिनेमा करायच्या मागे होते. गावात राहायला आलेल्या दोन बहिणी आणि जंगलातला एक मोठा केसाळ प्राणी, ‘माय नेबर तोतोरो’. पैसे लावणाऱ्यांना हे काही चालेल असं वाटेना. तेव्हा तोशियो सुझुकी यांनी डोकं चालवलं. मियाझाकींचे जुने सहकारी इसाओ ताकाहाता यांचा सिनेमा जोडीला द्यायचा आणि दोन्ही एकाच तिकिटात दाखवायचे. सुझुकी नंतर सांगायचे की वरिष्ठ भडकले होते. एक भूत आणलंत तेच जड जातंय, त्यात आता कबर पण आणताय, असा एकूण सूर! पण मूळ कथा ‘शिंचोशा’ या प्रकाशन संस्थेची होती. ती काजव्यांच्या मागे उभी राहिली, ‘तोकुमा शोतेन’ तोतोरोच्या मागे आणि गाडी पुढे सरकली.

१६ एप्रिल १९८८ ला दोन्ही सिनेमे एकत्र लागले. ताकाहातांचं काम वेळेत पूर्णच झालं नव्हतं. भाजी चोरताना सेइता पकडला जातो, त्या प्रसंगातली काही चित्रं रंग न भरता तशीच थिएटरात गेली. गर्दीही फारशी झाली नाही. पुढे टीव्हीवर तोतोरो लोकांना आवडला, त्याची बाहुली बाजारात तुफान चालली आणि तोच स्टुडिओचा लोगो झाला. आज मोबाईल कव्हरवर दिसणारा तो गोल पोटाचा प्राणी मूळचा या कबरीचा जोडीदार आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता मूळ कथेकडे. आकियुकी नोसाका यांनी ती १९६७ मध्ये लिहिली आणि तिला नाओकी पुरस्कार मिळाला. कथा बरीचशी त्यांच्यावरच बेतलेली होती. १९४५ च्या कोबेच्या हल्ल्यात त्यांचंही घर गेलं, तेही तेव्हा १४ वर्षांचे होते आणि त्यांची लहान बहीण कुपोषणानं दगावली. फक्त एक फरक होता. खऱ्या आयुष्यात आपण सेइताइतके चांगले वागलो नाही, हे नोसाकांनी नंतर उघडपणे सांगितलं. बहिणीच्या वाटचं अन्न त्यांनी खाल्लं होतं. ती रडायची थांबावी म्हणून तिला मारलंही होतं. म्हणजे सेइता हा त्यांनी कागदावर घडवलेला, जसा असायला हवा होता तसा भाऊ. हे कळल्यावर सिनेमातला प्रत्येक प्रेमळ प्रसंग दुसऱ्यांदा बघताना वेगळाच टोचतो.

ताकाहातांनाही आग ऐकून माहीत नव्हती. २९ जून १९४५ च्या ओकायामाच्या हवाई हल्ल्यात नऊ वर्षांचे ताकाहाता एका बहिणीसोबत रात्रीच्या कपड्यांत, अनवाणी पळाले होते. सिनेमातले बॉम्ब म्हणूनच इतर युद्धपटांसारखे मोठा धमाका करत फुटत नाहीत. ते छपरांवर, रस्त्यांवर पडतात, क्षणभर काहीच होत नाही आणि मग सगळं पेटतं. नावातसुद्धा हे आहे. ‘होतारू’ म्हणजे काजवा, पण इथे तो शब्द नेहमीच्या चिन्हानं लिहिलेला नाही. ‘आग’ आणि ‘ठिबकणं’ अशा अर्थाची दोन चिन्हं जोडून लिहिलाय.

आता भांडणाकडे येऊ.

सिनेमा आला तेव्हा बहुतेकांना काकू खलनायिका वाटली. लहानपणी बघणाऱ्यांना ती आजही वाटते. पण मोठेपणी, घरखर्च अंगावर पडल्यावर पुन्हा बघणारे म्हणू लागतात, अरे, काकू तर बरोबरच बोलतेय! घरात खाणारी दोन तोंडं वाढली आहेत, बाकीचे कामाला जातायत आणि हा पोरगा साधं मदतीला उठत नाही. आईचे बँकेत ७,००० येन आहेत, तरी हा माफी मागून परत जात नाही. बहीण याच्या अहंकारामुळे मेली. जपानी सोशल मीडियावर हा ‘सेइताच जबाबदार’ गट चांगलाच मोठा आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला, युद्ध संपल्याला ८० वर्षं झाली त्या दिवशी, सात वर्षांनंतर हा सिनेमा तिकडे टीव्हीवर लागला. तेव्हाही हाच वाद.

ताकाहातांनी हे आधीच ओळखलं होतं. १९८८ मध्येच एका मुलाखतीत ते अशा अर्थाचं बोलले होते की आज आपल्याला सेइताबद्दल सहज वाईट वाटतं, पण काळ उलटला तर त्याला बोल लावणारे वाढतील, आणि याची त्यांना भीती वाटत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर युद्धातला मुलगा होताच, पण त्या काळातला सुखवस्तू जपानी तरुणही होता. लोकांशी जुळवून घेणं नकोसं वाटलं की आपल्या खोलीत आपलं छोटं जग करून राहणारा. सेइता तेच करतो, फक्त त्याची खोली म्हणजे बंकर आहे.

म्हणूनच ‘युद्धविरोधी सिनेमा’ हे लेबल ताकाहातांना मान्य नव्हतं. ते स्वतः शांततावादी होते, जपानच्या राज्यघटनेतलं युद्धत्यागाचं कलम बदलायला त्यांचा विरोध होता. पण त्यांचं म्हणणं असं की युद्धात माणसं किती सोसतात हे दाखवून पुढचं युद्ध थांबत नाही. युद्ध सुरू कसं होतं, ते सांगायला हवं.

मग सेइता चुकला का?

चुकला, मला वाटतं. पण ‘काकू बरोबर होती’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते आणि ती सिनेमातच आहे. बंकरमध्ये गेल्यावर सेइता एका शेतकऱ्याकडे धान्य मागतो. शेतकरी त्याला सांगतो की आता सगळं रेशनवर आहे आणि शेजारगटात नाव नसेल तर जगता येत नाही. काकूची माफी माग, परत जा.

हा शेजारगट म्हणजे ‘तोनारीगुमी’. १९४० पासून जपान सरकारनं गल्लीगल्लीत काही घरांचे गट केले होते. आग विझवण्याची कवायत, सरकारी हुकूम आणि मुख्य म्हणजे रेशनचं वाटप या गटांतून व्हायचं. शेजाऱ्यांवर नजरही यातूनच राहायची. म्हणजे काकूचं घर सोडणं हे नुसतं रुसून निघून जाणं नव्हतं. खाण्याच्या यादीतून नाव जाणं होतं. मग हातात पैसे असले तरी त्यात मिळणार काय? सेइताला हे कळेपर्यंत उशीर होतो. आणि वडिलांच्या आरमाराचं जे झालं ते त्याला कळतं बँकेत, शेवटचे ३,००० येन काढताना. तोवर त्याला वाटत असतं, बाबा येतील.

१४ वर्षांचा आहे तो. आपल्याकडे आठवी-नववीत.

आणि मोठी माणसं काय करतात बघा. डॉक्टर सेत्सुकोला तपासून सांगतो की हिला खायला हवंय, आणि पुढच्या पेशंटकडे वळतो. शेतकरी चोरी पकडून मारतो. पोलीस माणूस त्यातल्या त्यात चांगला, तो पाणी पाजतो. कुणीही राक्षस नाही. प्रत्येकाकडे आपापलं कारण आहे. काकूच्या बाजूनंही तिच्या स्वयंपाकघराचा विचार करायचा असेल तर ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ हा २०१६ चा अ‍ॅनिमे सिनेमा बघा. त्यातली सुझू रानातला पाला घालून भात पुरवते, तेव्हा त्या काळात एक वाटी तांदूळ म्हणजे काय होतं ते कळतं.

आता तोतोरोची आठवण काढा. दोन्ही सिनेमांत दोन भावंडं आहेत. दोन्हीकडे धाकटी मुलगी चार वर्षांची. तिथल्या मेईची आई जिवंत आहे, पण दवाखान्यात आहे आणि मुलींना तिची काळजी लागून राहिलीय. एका दुपारी मेई हातात मक्याचं कणीस घेऊन आईला भेटायला एकटीच निघते आणि हरवते. तळ्यात एक छोटी चप्पल सापडते. अख्खं गाव काम टाकून पाण्यात काठ्या घालून शोधत राहतं, शेजारची आजी हात जोडून प्रार्थना करत बसते. चप्पल मेईची नसते.

तोतोरोतली जादू मला आवडतेच, पण मेईसाठी तळ्याकाठी जमलेली ती माणसं जास्त आवडतात. सेत्सुकोसाठी तळ्याकाठी कुणीच येत नाही. दोन्ही सिनेमे एकाच तिकिटात दाखवणं हा पैशांचा जुगाड होता हे मान्य. तरी एकापाठोपाठ एक बघितले की असं वाटतं, एकाच वयाच्या दोन मुलींच्या नशिबातला मोठा फरक आजूबाजूच्या माणसांचा आहे.

बघायचाच असेल तर थोडं व्यावहारिक. सप्टेंबर २०२४ मध्ये हा सिनेमा नेटफ्लिक्सवर जपानबाहेरच्या प्रेक्षकांसाठी आला, तोतोरो तिथे त्याआधीच आला होता. काजवे जपानी आवाजातच बघा, सबटायटल लावून. सेत्सुकोचा आवाज खरंच पाच वर्षांच्या मुलीचा आहे. नेहमी चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर, इथे तिचे संवाद आधी रेकॉर्ड करून त्यावर चित्रं बेतली गेली. तिचं अडखळणं, मध्येच हसणं डबिंगमध्ये हरवतं. पात्रांच्या कडाही नीट बघा. नेहमीच्या काळ्या रेषेऐवजी तपकिरी रेषा वापरलीय, त्यामुळे चेहरे मऊ दिसतात आणि मागचा जळालेला गाव जास्त भकास.

दोन्ही एकाच दिवशी बघणार असाल तर आधी काजवे, मग तोतोरो. उलट केलंत तर त्या रात्री झोपेचं काही खरं नाही. आणि बघून झालं की काकूबद्दल तुमचं मत काय, ते कमेंटमध्ये लिहा. भांडण होणार, हे गृहीत धरलंय.